पाषाणाचा मासा आणि शाईची रेषा

कोल्हापूरच्या शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामात माशाच्या आकाराची जी खूण आहे, तिला पंचगंगेचे पाणी टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ असे एकमेकांस सांगत गावातील हौशी मंडळी पूर पाहावयास निघतात, आणि नदीकाठची शहाणी मंडळी धान्याची पोती माळ्यावर चढवू लागतात. या माशास ना हुद्दा, ना शिक्का, ना आवक-जावक बारनिशी. त्याच्या निर्णयावर अपील कोठे गुदरावे, याचीही तरतूद नाही. सुधारलेल्या राज्यकारभारात इतका मनमानी अंमलदार पुलावर ठेवणे कितपत इष्ट, असा आमचा नम्र सवाल आहे.

सरकारने त्यास सौम्य पर्याय काढलेला आहेच. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचेल तेथे निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जेथवर पोहोचेल तेथे तांबडी. निळीच्या आत बांधकामास मनाई, दोहोंमधील पट्ट्यात सशर्त मुभा. व्यवस्था निर्दोष आहे. दोष असलाच तर तो नदीचा, कारण या सरासरीचा यत्किंचितही मुलाहिजा न ठेवता ती २००५, २०१९ आणि २०२१ अशी सोळा वर्षांत तीन वेळा शहरात शिरली, आणि राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट मुक्रर केलेली असताना २०१९ साली ५५ फुटांच्याही वर चढली.

मधल्या पट्ट्यातील शर्त तर मनोज्ञ आहे. बांधकाम तांबड्या पूरपातळीच्या ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, वर असले की परवानगी देता येते. अर्थात महापुरात रहिवाशाने दिवाणखान्यात कोरड्या पायांनी चहा घेत बसावे, त्याच्या मोटारीने तळाच्या पार्किंगमध्ये जलसमाधी घ्यावी, आणि दूधवाल्याने रबरी बोटीतून हाळी द्यावी, असे जे जीवन एरवी केवळ व्हेनिसच्या धनिकांस लाभते, ते गृहकर्जाच्या हप्त्यांवर आपल्या दारी आले. कोणी रात्रीतून चार डंपर मुरूम ओतून आपला प्लॉट उंच करतो, तेव्हा तेथले पाणी शेजाऱ्याच्या ओसरीत जाते. परंतु शेजारधर्मात देवाणघेवाण चालावयाचीच.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ याच पट्ट्यात राहतात. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्यास आला, तेव्हा भिंतीवरील विजेच्या बटणांच्याही चार बोटे वर उमटलेली चिखलाची रेघ त्यांनी त्यास स्वहस्ते दाखविली, टेप धरावयास मदत केली, आणि ‘साहेब, गळ्याइतकं पाणी होतं, तसंच लिहा’ असे गहिवरून विनविले. पुढे पूररेषेच्या नकाशावर हरकती मागविल्या गेल्या, तेव्हा याच गृहस्थांनी, याच घराविषयी, ‘सदर मिळकतीत आजतागायत पुराचे पाणी आलेले नाही, सबब ती रेषेबाहेर दाखविण्यात यावी’ असा अर्ज केला. दोन्ही कागदांवर सही तीच होती. मधल्या काळात दिवाळी आली होती, आणि भिंतीला रंग दिला गेला होता.

त्या गृहस्थांस हसण्याचे आम्हांस कारण नाही. अनुदानाच्या खिडकीपाशी पाणी चढते आणि परवान्याच्या खिडकीपाशी उतरते, हा जलशास्त्राचा नियम त्यांनी शोधलेला नसून केवळ पाळलेला आहे. शाईची रेषा ज्याच्या अर्जाने सरकते त्याची ती होते. अडचण एकट्या माशाची आहे: तो दोन्ही खिडक्यांवर एकच साक्ष देतो.

म्हणून आमची सूचना अशी की, माशास रीतसर नोटीस बजावून तीस दिवसांत म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि तो नेहमीप्रमाणे मौनच पाळील तर त्याची संमती गृहीत धरून त्यास पुलावर दहा फूट उंच सरकवावे. मग मच्छिंद्री सहसा होणार नाही, आणि पाणी पाहावयास पुलापर्यंत जाण्याची तसदीही कोणास पडणार नाही. ते आपण होऊन जिना चढून येईल.