गॅरेजातला टर्नर

ओहायोतल्या एखाद्या उपनगरात ऐन जानेवारीत घरापुढे दोन्ही मोटारी बर्फात रुतलेल्या असल्या आणि गॅरेजात मात्र रात्री अकरालाही दिवा नि हीटर चालू असला, तर खुशाल समजावं की आत लेथ आहे. लेथला दमट गारवा सोसत नाही, त्याच्या बेडवर गंज चढतो. मोटारींना काय, कंपनीने रंग देऊनच विकलेल्या असतात.

या लेथचा मालक पन्नाशी उलटलेला असतो. उभा जन्म त्याने खुर्चीत बसून विम्याचे दावे तपासले असतील, नाहीतर शाळेत इतिहास शिकवला असेल. आजोबा कारखान्यात होते, वडील घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करायचे आणि आपल्याला मात्र नळाचा वॉशर बदलायलाही माणूस बोलवावा लागतो, ही सल कधीतरी बोचू लागते. असे काहीजण योगाच्या वर्गाला जातात, काहीजण हार्ले डेव्हिडसन घेतात. हा आपल्या रायफलच्या नळीकडे बघत बसतो.

रायफल साधीच असते. रुगर कंपनीची १०/२२, पॉइंट टू टू बोअरची. १९६४ साली बाजारात आली आणि तेव्हापासून अमेरिकेत घराघरांत पोचली. पोरांना नेमबाजी शिकवायची, बागेतल्या उपद्रवी प्राण्यांवर रोखायची, शनिवारी कोकच्या रिकाम्या डब्यांवर झाडायची. या नळीच्या तोंडाला आटे पाडायचे आणि त्यावर ‘मझल ब्रेक’ नावाचं छिद्राछिद्रांचं टोपण बसवायचं, हा त्याचा संकल्प. गोळीमागचा वायू या छिद्रांतून बाजूला फेकला जातो आणि बंदुकीचा खांद्याला बसणारा दणका कमी होतो. आता पॉइंट टू टूचा दणका तो केवढा! नातवाने आजोबांच्या खांद्याला नाक घासावं, तेवढा. तो कमी करण्यासाठी हा लेथ घेतो.

बंदुका दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर हे काम शंभर-दीडशे डॉलरांत करून देतो. ‘एवढ्याशा कामाला दीडशे?’ असं म्हणून हा लहान चिनी लेथ मागवतो. मग चक आपल्या मनासारखा नाही म्हणून दुसरा चक, टूल बसवायला नवा पोस्ट, डायल गेज, मायक्रोमीटर, टूलला धार लावायचा ग्राइंडर. वर्षभराने चिनी लेथ ‘थरथरतो’ असा साक्षात्कार होतो आणि इंडियानातल्या साउथ बेंड गावी कधीकाळी बनलेला एक जुना बोजड लेथ, क्रेन भाड्याने आणून, गॅरेजात उतरवला जातो. वाचवलेल्या दीडशे डॉलरांचा हिशेब त्याची बायको तोंडी करू शकते. ती तो पाहुण्यांसमोर करत नाही, हा तिचा मोठेपणा.

गंमत अशी की १०/२२ची नळी बदलणं हे अमेरिकेतल्या सोप्या कामांपैकी एक आहे. पुढे एक पट्टी असते, तिला दोन स्क्रू. ॲलन कीने ते सोडवले की जुनी नळी हातात येते आणि कारखान्यात आटे पाडलेली नवी तिच्या जागी बसते. हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. आपण सुचवून बघावं, तर तो आपल्याकडे असा बघतो, जणू एव्हरेस्टच्या पायथ्याशी त्याला कुणी हेलिकॉप्टरचं तिकीट पुढे केलं.

जेवायला बोलावलं तर तो व्हिटवर्थवर येतो. सुपाच्या वेळीच येतो. पूर्वी म्हणे ज्या कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याचा नट. दुसरीकडचा बसायचा नाही. १८४१ साली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं एक माप ठरवलं, कोन ५५ अंशांचा. मग १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स उठला आणि म्हणाला, कोन ६० अंशांचाच हवा, तो मोजायला आणि कापायला सोपा. ‘नि अमेरिकेने सेलर्सचं ऐकलं,’ हे वाक्य तो अशा आवाजात म्हणतो की समोरच्याला स्वातंत्र्ययुद्ध आठवावं. पुढे कळस येतो: याच व्हिटवर्थने षट्कोनी नळीची रायफल केली आणि १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी मेळाव्याचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने त्या रायफलीने केलं. रायफल आधीच पक्की रोखून ठेवलेली. राणीने नुसती रेशमी दोरी ओढली आणि चारशे यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्याजवळ गोळी लागली. ‘याचा अर्थ काय?’ तो विचारतो. टेबलावरचे सगळे ताटात बघतात. ‘याचा अर्थ, नेम राणीचा नव्हता, फिटिंगचा होता.’

मला विचाराल तर हे वाक्य त्याचं सबंध तत्त्वज्ञान आहे. गोळी झाडण्यात त्याला रस नसतोच. त्याला हवं असतं ते फिटिंग. अर्ध्या इंच व्यासावर इंचाला अठ्ठावीस आटे, आणि ते सुद्धा नळीच्या बाहेरच्या अंगाशी नव्हे, आतल्या भोकाशी सरळ. नळी बाहेरून कितीही गुळगुळीत दिसली तरी आतलं भोक बरोबर मधोमध असेलच असं नाही. ते जर तिरकं राहिलं तर गोळी जाता जाता टोपणाला चाटून जाईल. ही भीती खरी आहे, आणि त्याच्या तर ती फारच कामाची आहे, कारण तिच्या जोरावर शनिवारचे शनिवार डायलची सुई बघत बसता येतं. सुई अर्ध्या थाउने हलते. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हा चकचा एक जबडा सैल करतो, समोरचा आवळतो. सुई दुसऱ्या बाजूला हलते. बायको जेवायला हाक मारते. ‘आलोच, अर्धा थाउ राहिलाय!’ अर्धा थाउ म्हणजे घड्याळात किती, याचा तक्ता तिने अनुभवाने बनवला आहे.

सरावासाठी भंगारातल्या सळया असतात. त्यांवर आटे पडत राहतात. घरी आलेल्या पाहुण्याला निघताना एक बोल्ट मिळतो. आमच्या घरी सात आहेत.

एका उन्हाळ्यात माझे एक काका आले होते, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले निवृत्त टर्नर. त्यांना मी मुद्दाम या गॅरेजात नेलं. काकांनी लेथच्या बेडवरून पालथा हात फिरवला, आणि यजमानाचे डोळे भरून आले. भाषेची अडचण आली नाही. दोघांनी ग्राइंडरच्या ठिणग्यांकडे बघून एकाच वेळी मान हलवली. मग काकांना कळलं की हा घरच्या घरी बंदुकीचं काम करतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक दुरुस्तही करता येत नाही, त्यामुळे काकांनी आधी गॅरेजचं दार लोटून घेतलं. स्वतःच्या रायफलचं असं काम तिथे चालतं, धंदा करायचा तर मात्र परवाना लागतो, हे समजावल्यावर ते म्हणाले, ‘मग अडलंय कुठं? दहा मिन्टाचं काम हाय. आन हिकडं.’

मी भाषांतर केलं. यजमानाचा चेहरा पांढरा पडला. त्याने नळी उचलली, तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि फडताळात ठेवून कुलूप लावलं. नंतर काकांना कॉफी दिली, बोल्टही दिला. काकांनी तो अंगठ्याच्या नखाने चाचपला आणि मराठीत म्हणाले, ‘बरा हाय. पन हा मानूस काम संपवनार न्हाई.’

काकांचा अंदाज चुकला. पुढच्या वसंतात आटे पडले, टोपण बसलं, काकणभरही फट राहिली नाही. तो क्लबात गेला, दहा गोळ्या झाडल्या. शेजारच्याने विचारलं, ‘फरक जाणवतो?’ हा प्रामाणिक माणूस आहे. बराच विचार करून म्हणाला, ‘दिसायला छान दिसतं.’

तेव्हापासून घरात धोका वाढला आहे. रायफल झाली, लेथ उरला. एके-४७च्या नळीला डावे आटे असतात हे त्याला कळलंय, पण ती बंदूक घरात येणार नाही, असं बायकोने बजावलंय. त्यामुळे बागेतल्या दाताळ्याच्या दांड्याला आटे आले, पक्ष्यांच्या दाण्याच्या खांबाला आले, दिवाणखान्यातल्या दिव्याला आले. मागच्या महिन्यात पडद्यांच्या नळ्यांचा नंबर लागला. आता पडदे धुवायला काढायचे तर स्टुलावर चढून नळी फिरवावी लागते. एक इंच आटे, म्हणजे अठ्ठावीस फेरे. खिडक्या अकरा आहेत. परवा दारावरून जाताना मी हाक मारली, तर आतून तिचा आवाज आला, ‘थांबा, सतरा झालेत!’