पाचशे वॅटच्या स्टिकरास अनावृत पत्र

श्री. रा. रा. 500 वॅट स्टिकरसाहेब यांस,
मुक्काम एसएमपीएसचा (म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पत्रा, कॅबिनेटच्या पोटात, सेक्टर 32, चंडीगड.

स. न. वि. वि.

आपला रुबाब मोठा. कॅबिनेट घेतले की आपण त्यासोबत जवळजवळ फुकटच येता. ‘पाँचसौ वॉट है जी, आराम से चलेगा,’ असे दुकानदाराने म्हटले की बदलीवर आलेला मराठी माणूस निमूट पैसे काढतो. सरकारी मेडिकल कॉलेज आणि एसडी कॉलेज दोन्ही याच सेक्टरात, त्यामुळे पेइंग गेस्ट म्हणून राहणारी पोरेही आपल्या भक्तगणात मोडतात.

त्यांचा तरी काय दोष? आकड्यांवर भरवसा ठेवायला या शहरानेच शिकवले आहे. मूळ आराखड्यात 13 नंबरचा सेक्टर नव्हता, तरी 32 आणि त्याच्या दक्षिणेचा 46 यांची बेरीज 78 होते, म्हणजे तेराची पट! ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने आखलेल्या गावात बेरजा अशा जुळतात. आता आपली बेरीज पाहू.

आपल्या मोठ्या अक्षरांखाली बारीक टायपात एक तक्ता असतो. तो सहसा कोणी वाचत नाही, आणि आपली अब्रू त्यावरच टिकून आहे. समजा त्यात 3.3 व्होल्टला 20 अँपिअर, 5 व्होल्टला 20 आणि 12 व्होल्टला 18 लिहिले आहेत. गुणाकार केला की 66, 100 आणि 216 वॅट होतात. सगळे मिळून 382. उरलेले शंभरावर वॅट बहुधा छापखान्यातून आले. त्यातही आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळे जेवण 12 व्होल्टच्या पंगतीतच घेतात, म्हणजे कामाचे फक्त 216. आरटीएक्स 3060 हे कार्ड एकटे 170 वॅटचे. कोअर आय 5-12400 हा प्रोसेसर जोरात आला की 117 वॅटपर्यंत जातो. झाले 287, आणि अजून मदरबोर्ड, पंखे, डिस्क धरलेच नाहीत. याच कार्डासाठी एनव्हिडिया 550 वॅटचा सप्लाय सुचवते. त्या क्षमतेच्या प्रामाणिक डब्यावर 12 व्होल्टपुढे 45 अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो.

मग गेम सुरू होताच कॉम्प्युटर बंद पडतो. पोरगा विंडोज नव्याने टाकतो, रॅम काढून खोडरबराने घासतो. वडील विजेला शिव्या देतात. 1 फेब्रुवारी 2025 पासून शहरातले वीजवितरण खासगी कंपनीकडे गेल्याने त्यांना नवा आरोपीही मिळाला आहे. आपल्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. पंखा फिरतोय ना, मग एसएमपीएस ठीक! हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून दाखवण्याची दुकानातली ‘टेस्ट’ही तेवढेच सांगते. भार पडल्यावर 12 व्होल्टची तार 11.4 च्या खाली घसरते का, ते मल्टिमीटर सांगतो.

चंडीगडचा उन्हाळा आपला खरा शत्रू. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद कॅबिनेटमध्ये त्याहून जास्त. साधारण हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. म्हणून चांगले कारखानदार 105 अंशांचे कपॅसिटर वापरतात. आपल्या पोटात अनेकदा 85 अंशांचे असतात.

नाव मोठे असले म्हणजे भागले, असेही नाही. 2021 मध्ये गिगाबाइटचे पी 750 जीएम आणि पी 850 जीएम हे ‘गोल्ड’ सप्लाय चाचण्यांत धडाधड उडाले, आणि कंपनीला ते बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. 2004 पासूनचा 80 प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढेच सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. तरीही ब्राँझ शिक्का, 12 व्होल्टचे पुरेसे अँपिअर, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आणि पाच वर्षांची वॉरंटी एवढे जुळले, तर आपल्या निवृत्तीचा आदेश काढायला हरकत नाही.

नवीन डबा बसवताना दोन गोष्टी ग्राहकाने सांभाळाव्यात. मॉड्युलर (सुट्या केबलच्या) सप्लायच्या जुन्या केबल नव्याला लावू नयेत. प्लग तसाच बसतो, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो आणि हार्ड डिस्क जळू शकते. डेल किंवा एचपीचा छोटा ब्रँडेड कॉम्प्युटर असेल, तर आधी कनेक्टर आणि आकार तपासावा, कारण तिथे बाजारातला साधा एटीएक्स डबा बसेलच असे नाही.

कळावे.

आपला नम्र,
एक माजी भक्त

ता. क. निवृत्तीनंतर आपले झाकण उघडून पाहण्याचा मोह वाचकांनी टाळावा. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहू शकतात.