संकष्टीचा शनिवार

शनिवार-रविवार आमच्याकडे मुंबईहून येतो. एरवी गावात तो नसतोच. कर्लीच्या काठी, खाडीचं खारं पाणी जिथवर चढतं तिथे आमचं घर. इथे खाडी तिथीवर चालते, आंबा उन्हावर, रानडुक्कर काळोखावर आणि माकडं आमच्या दुपारच्या झोपेवर. या मंडळींपैकी कुणालाही पाच दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी ही भानगड ठाऊक नाही. ती ठाऊक फक्त दादाला. तो शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसतो, शनिवारी सकाळी कुडाळला उतरतो आणि रविवारी परतीची गाडी पकडायच्या आत त्याला शिकार, मासे आणि बाग असं सगळं उरकून हवं असतं.

2024 च्या एप्रिलात तो वहिनीला आणि पुतण्याला घेऊन असाच आला. तारीख 27. येण्यापूर्वी त्याने रजा बघितली, तिकीट बघितलं, हवामान बघितलं. भिंतीवरचं कालनिर्णय तेवढं बघायचं राहिलं. त्या दिवशी संकष्टी होती. शिवाय लोकसभेची आचारसंहिता लागलेली आणि आमच्याकडचं मतदान 7 मेला.

संकष्टीचा माशांशी संबंध वाचकांना सांगायला नको. आचारसंहितेचा डुकरांशी संबंध मात्र सांगायला हवा. आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक आहे. आजोबांपासून चालत आलेली. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात, तशी ती जमा होते. कधी लोकसभा, कधी विधानसभा. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा आमच्या बंदुकीने लोकशाहीसाठी जास्त वेळ दिलेला आहे. डुकरांना कुठलीच आचारसंहिता लागू नसल्यामुळे त्यांचा प्रचार त्या काळात वायंगणी भुईमुगात जोरात चालतो.

अर्थात बंदूक घरी असती तरी काय होणार होतं? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले. आता बार काढायचा तो आभाळाकडे तोंड करून, आवाजापुरता. त्यामुळे आमच्याकडची शिकार ही तोंडी परंपरा आहे आणि ती काका सांभाळतात. शिमगा झाला की गाव रान काढायला कसा जायचा, हाकारे कुठून सुटायचे, बारवाले कुठे दबा धरून बसायचे, वाटे कसे पडायचे, त्यात कुत्र्याचाही वाटा कसा असायचा, हे सगळं ते दरवेळी सांगतात. आजोबांनी मारलेला डुक्कर कायदा यायच्या आधीच मेला, पण त्याचं वजन अजून वाढतंच आहे. माझ्या लहानपणी त्याला चार माणसांनी उचलून आणला होता. पुतण्याच्या वाट्याला तो आला तेव्हा बैलगाडी लागली.

शनिवारी दुपारी दादाला पहिली घाई झाली ती खाडीची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन. पुतण्याने मोबाइलमधल्या भरती-ओहोटीच्या ॲपवर तो तपासला, तेव्हा काकांनी त्याच्याकडे केवळ दयेने बघितलं. दादाने मुंबईहून नवीकोरी गरी आणली होती, चक्रवाली. तिला मासे फसवायला रबराचा चकाकता मासा लावलेला. काकांनी ते सगळं हातात घेऊन वजन केल्यासारखं बघितलं आणि विचारलं, “ही गरी मासे धरूक आणलंस, काय फोटू काढूक?”

प्रश्न रास्त होता. रबरी माशाकडे खाडीतला एकही खरा मासा वळला नाही. दादाने मग आमिष बदलून कोळंबी लावली. ती कुणीतरी गळाला हात न लावता सावकाश खाऊन गेलं. दादा दर फेकीला थोडा बाजूला सरकत होता, जणू मासे त्याच्यापासून दोन हातांवर वाट बघत उभे आहेत. फोटो मात्र फार सुंदर आले. एवढ्या वेळात काका गुडघाभर पाण्यात उभे राहून गप्प होते. पाण्यावर कुठेतरी काहीतरी हललं. त्यांनी खांद्यावरचा पाग फिरवून फेकला, ओढला आणि त्यात काळुंदरं फडफडत होती. चांगली तळहाताएवढी, जाड अंगाची. दादाने टोपली अशी उचलली की बघणाऱ्याला ती त्यानेच भरली असं वाटावं.

टोपली उंबऱ्यापर्यंतच गेली. आत मोदकाची उकड निघत होती. आई बाहेर आली, टोपलीकडे बघितलं आणि म्हणाली, “आज संकष्टी आसा. मासो उंबऱ्याच्या भायर.” दादाने फ्रीज सुचवला. फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध होतं. दादाने बर्फ सुचवला. बर्फ फ्रीजमध्येच होता. शेवटी काळुंदरं शेजारच्या ख्रिश्चन मावशींकडे गेली. त्यांच्याकडे संकष्टी नसते. अंधार पडता पडता त्यांच्या चुलीवरून तळणीचा जो वास आला, त्याने चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या भक्तीची कसोटी लागली.

चंद्र दहा वाजून गेल्यावर उगवणार होता. तोवर नुसतं बसण्यापेक्षा डुकरं राखायला जाऊ, असं ठरलं. बंदुकीचं काय, असं पुतण्याने विचारलं. काका म्हणाले, “बंदूक नसली म्हणान काय झाला, तोंड आसा मा!”

भुईमुगाच्या कुणग्यात आम्ही रीतसर तटबंदी केलेली आहे. कडेने न्हाव्याच्या दुकानातून आणलेले केस पसरलेत, कारण माणसाच्या वासाने डुक्कर बिचकतो म्हणतात. दोरीला रिकामे डबे बांधलेत. आणि चारही बाजूंनी जुन्या साड्या ताणून लावल्यात. बॅटरीच्या उजेडात त्यातली एक साडी बघून वहिनी थांबली. मोरपंखी रंग, जरीचा काठ. गेल्या गणपतीला तिने दादरहून आईसाठी आणलेली. मी आभाळातल्या नक्षत्रांकडे बघू लागलो. दादानेही तेच केलं. घरी आल्यावर वहिनीने विषय काढला तेव्हा आईला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही. “बरी चमकता रातीची. डुकर भियतत,” ती कौतुकाने म्हणाली. सासूने सुनेच्या साडीची एवढी मनापासून तारीफ केल्याचं मी तरी दुसरं उदाहरण बघितलेलं नाही.

डुक्कर आला तो आम्ही डोळ्यांत तेल घालून पहारा देत असतानाच. खालच्या वाफ्यात खसखस झाली. काकांनी हाळी दिली, दादाने डबे बडवले, पुतण्याने मोबाइलवर वाघाची डरकाळी लावली. डुक्कर केस, डबे, वाघ आणि मोरपंखी साडी असं सगळं ओलांडून, घाई न करता पलीकडच्या करवंदीच्या जाळीत निघून गेला. काकांचं म्हणणं, तो भला मोठा होता. आम्हाला दिसला तो मध्यम. पुढच्या वर्षापर्यंत तो काकांच्या मापाचा होईल, याची मला खात्री आहे.

रविवार बागेचा. बागकाम म्हणजे फुलझाडं, अशी वहिनीची समजूत होती. आईने तिला परड्यातल्या लाल भाजीच्या वाफ्यात बसवलं आणि गवत काढायला सांगितलं. वहिनीने मन लावून काढलं. गवत बहुतेक सगळं शिल्लक राहिलं, भाजी मात्र साफ निघाली. आईने ती भाजी निवडून दुपारच्या जेवणात घातली आणि एका शब्दाने काही बोलली नाही. मला ते साडीचं प्रायश्चित्त वाटलं.

दादा घळ घेऊन हापूसखाली. चौदा आणे तयार झालेला आंबा देठासकट अलगद उतरवायचा असतो, नाहीतर चीक सांडून सालीवर डाग पडतो. दादाच्या घळीतून आंबे उतरत नव्हते, पडत होते. वरच्या फांदीवर लाल तोंडाची माकडं बसून हे बघत होती. ती स्वतः आंबा कसा काढतात हे बघण्यासारखं असतं: देठाशी पिरगळून, एक चावा, मग पुढचा. 2018 साली आमच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते कागद माकडांपर्यंत पोचले असावेत, कारण बांधावरच्या रायवळाकडे ती ढुंकूनही बघत नाहीत. पुतण्याने बेचकी ताणली. त्याचा खडा पत्र्याच्या पडवीवर वाजला आणि माकडांऐवजी आमची कोंबडी उडाली.

या सगळ्या धामधुमीत आई कुठे होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सकाळच्या ओहोटीला ती शेजारच्या मावशींबरोबर खाडीत उतरली होती आणि रेतीत हात घालून टोपलीभर तिसऱ्या घेऊन आली होती. ना ॲप, ना गरी, ना फोटो. दुपारी तिसऱ्यांची एकशिपी झाली, सोलकढी झाली, वर वहिनीने उपटलेली लाल भाजी. दादा तीनदा भात घेऊन जेवला आणि झोपाळ्यावर बसून म्हणाला की गावचं आयुष्य हेच खरं, सगळं कसं आपल्या हाताने मिळवलेलं. आई तेव्हा मागल्या दारी शिंपल्या टाकत होती.

संध्याकाळी तो गेला. सोबत आंब्याची पेटी होती. त्यातले वरच्या थरातले मी उतरवलेले. ऑफिसात त्याने टोपलीचा फोटो दाखवला आणि तिथल्या दोघांना आता आमच्याकडे यायचं आहे.

तुम्हालाही यायचं असेल तर जरूर या, चैत्र-वैशाख उत्तम. फक्त निघण्यापूर्वी कालनिर्णय उघडा. संकष्टी आणि एकादशी टाळा. सोमवारी आमच्याकडे चूल शाकाहारी असते, तेव्हा मुक्काम लांबवू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तेव्हाही नको. निवडणूक जाहीर झालेली असेल तर भुईमुगाच्या शेंगा मागू नका. आणि एवढं सगळं जुळून आलं, तरी मासे येताना कुडाळच्या बाजारातूनच घ्या.