परोपकारार्थ वेल कशी लावावी

बंगळुरूत भाड्याची का होईना, बाल्कनी मिळाली की मराठी माणसाला वेल लावायची हुक्की येते. ती दाबू नये. मात्र वेल लावायची ती दुसऱ्यांसाठी, हे बी भिजत घालण्याआधीच मनाशी पक्के करावे.

गणेशवेल आणि मॉर्निंग ग्लोरी या सख्ख्या चुलतबहिणी. दोघींच्या बियांचे कवच टणक. बी पॉलिशपेपरवर जरासे घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. सकाळी फुगेल ते पेरावे, न फुगेल ते पुन्हा घासावे. वाटी मटकीशेजारी मात्र ठेवू नये. मॉर्निंग ग्लोरीच्या बियांनी भ्रम होतात. त्या उसळीनंतर मंडळींना जे दिसेल, ते कुठल्याही बागेत फुलत नाही.

मुहूर्ताचे म्हणाल, तर गणेशवेल जूनच्या पावसात पेरावी, म्हणजे गौरी-गणेशाच्या हब्बाला लाल चांदण्या लागतात. स्वीट पी थंडीची. मुंबईच्या घामट हिवाळ्यात ती मान टाकते, पण नऊशे मीटर उंचीवरच्या या गावात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली तर फुलते. मग जानेवारीत इथल्या लालबागेतले पुष्पप्रदर्शन पाहून यावे आणि घरच्या फुलांना नावे ठेवावीत. लालबागेची धुरा १९०८ साली गुस्ताव क्रुंबिगेल यांच्याकडे आली. त्याआधी ते बडोद्याला सयाजीरावांच्या बागा सांभाळत. शहरात बारा महिने काही ना काही फुलत राहील अशी झाडे त्यांनी लावली. त्यांना हाउसिंग सोसायटीची परवानगी लागत नव्हती.

माती गरीबच ठेवावी. शेणखताचे लाड केले की नुसता पाला माजतो. पाणी तांदूळ धुतलेले घालावे: मार्च २०२४च्या टंचाईत पिण्याचे पाणी बागेला घालणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला होता. आधाराला सुतळी. गणेशवेल घड्याळाच्या उलट्या दिशेने वळत चढते. तिला सुलटे गुंडाळून शिस्त लावू पाहणाऱ्यांनी मुले वाढवलेली नसावीत.

यापुढे आपले काम संपते. वेल उन्हाकडे जाते, म्हणजे बाहेर आणि वर. फुले समोरच्या इमारतीला दिसतात, आपल्या वाट्याला देठ. पंधरवड्यात वेल वरच्या अज्जींच्या ग्रिलवर पोचते आणि ‘इमारतीची शोभा बिघडते’ असा सेक्रेटरीचा मेसेज आपल्याला येतो. उत्तरादाखल ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ एवढेच लिहावे. कन्नड येते असे वाटून निम्मा राग जातो. अज्जी रोज पूजेला फुले तोडतील, त्याला हरकत घेऊ नये. दोन-चार महिन्यांत वेल वाळली की तो कचरा काढायला त्या आपल्यालाच बोलावतील. जाताना खिशात कागदाचे पाकीट न्यावे. बी सगळे त्यांच्याच ग्रिलवर पिकलेले असते.