स्टारकर

जिथे जिथे लिनक्सचा सर्व्हर असतो तिथे एक तरी स्टारकर असतातच. मूळ आडनाव काहीही असो. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये दर दोन ओळींनंतर * उगवतो, ते स्टारकर. जुने लॉग काढायचे आहेत? 'आरएम *.लॉग'. महिन्याच्या फायली दुसरीकडे न्यायच्या आहेत? 'एमव्ही *'. एंटर दाबायच्या आधी हे गृहस्थ क्षणभरही थांबत नाहीत, म्हणून त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का बसलेला आहे. माझ्या मते तो सपशेल चुकीचा आहे. आळशी माणूस फायली काढतच नाही; डिस्क भरेपर्यंत वाट बघतो आणि मग नवी डिस्क मागतो. स्टारकर कामसू आहेत. त्यांना नडते ती श्रद्धा. जगातला प्रत्येक माणूस फायलींना आपल्यासारखीच सुटसुटीत, इंग्रजी, बिनस्पेसची नावं देतो, ही त्यांची श्रद्धा.

पुरावा त्यांच्याच लूपमध्ये सापडतो. अकाउंट्समधल्या कुणीतरी 'मार्च पगार फायनल (2) नक्की फायनल.एक्सएलएस' अशी फाइल ठेवलेली असते. स्टारकरांची स्क्रिप्ट तिचे सहा तुकडे करते आणि 'मार्च' नावाची फाइल नाही, 'पगार' नावाची फाइल नाही, अशा सहा तक्रारी छापते. यात * चा काही दोष नसतो. त्यानं ते लांबलचक नाव अखंड आणून हातात दिलेलं असतं. पुढच्या ओळीत ते तुटतं, कारण व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घातलेली नसतात. हे सांगितलं की स्टारकर स्क्रिप्ट सुधारत नाहीत, अकाउंट्सला मेल पाठवतात: कृपया नावात स्पेस देऊ नये. मागणी वरवर रास्त वाटते, पण तिला आधार नाही. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढ्या दोनच गोष्टी चालत नाहीत. बाकी स्पेस, कंस, प्रश्नचिन्ह, इतकंच काय, नावाच्या मध्येच नवी ओळसुद्धा कायदेशीर आहे. जे सिस्टिमला चालतं ते मेल पाठवून थांबत नाही.

* म्हणजे पत्रिकेवरचं 'सहकुटुंब सहपरिवार' आहे. छापताना दोनच शब्द. दारात किती माणसं उतरणार ते उतरल्यावरच कळतं. पहिल्या काळातल्या युनिक्समध्ये या माणसांची यादी करायला 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. 1979 च्या सातव्या आवृत्तीतल्या बोर्न शेलनं ते काम स्वतःकडे घेतलं. पद्धत मात्र तीच राहिली: यादी आधी तयार होते आणि मग ती 'आरएम'च्या हातात पडते. बिचाऱ्या 'आरएम'ला * कधी दिसतच नाही, दिसतात ती फक्त नावं. त्यात एखाद्या फाइलचं नाव '-आरएफ' असेल तर 'आरएम' तिला फाइल समजत नाही, हुकूम समजतो. मग फोल्डरसकट सगळं न विचारता उडतं आणि ती '-आरएफ' फाइल तेवढी शाबूत राहते! 'असं नाव कोण ठेवेल?' हा स्टारकरांचा ठरलेला प्रश्न. खोडसाळ माणूस ठेवेल, बिघडलेली स्क्रिप्ट ठेवेल. नुसत्या * ऐवजी './*' लिहिलं की संकट टळतं, कारण मग एकही नाव उणे चिन्हानं सुरू होत नाही. खर्च दोन अक्षरांचा. पण ती दोन अक्षरं लिहायची म्हणजे कुणावर तरी संशय घेतल्यासारखं होतं.

जुळणारी एकही फाइल नसली तर काय, हा विचार तर त्यांना शिवतच नाही. झेडशेल अशा वेळी काही जुळलं नाही म्हणून काम थांबवतो. बॅश मात्र '*.लॉग' ही अक्षरंच जशीच्या तशी पुढे ढकलतो आणि लूप नसलेल्या फाइलसाठी एकदा इमानेइतबारे फिरतो. कुणीतरी 'नलग्लॉब' चालू करा म्हणून सांगतं. स्टारकर ते चालू करतात, 'एलएस *.लॉग' देतात, आणि एकही लॉग नसल्यामुळे 'एलएस'ला काहीच न मिळून तो अख्खं फोल्डर दाखवतो. श्रद्धा पुन्हा दृढ.

'इतकी वर्षं चाललंय ना?' हा त्यांचा शेवटचा युक्तिवाद. 2015 च्या जानेवारीत उघडकीला आलेलं प्रकरण त्यासाठी बघावं. लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या प्रोग्रॅमच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवून त्यापुढे '/*' लावलं होतं आणि ते सगळं 'आरएम'च्या स्वाधीन केलं होतं. एकदा ते व्हेरिएबल रिकामं निघालं. उरलं फक्त '/*', म्हणजे मुळापासून सगळं. वापरणाऱ्याच्या मालकीच्या फायली गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. आणि त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानं स्वतःच शेरा मारून ठेवला होता: भीतिदायक! भीती वाटत होती, तरी ओळ तशीच राहिली. याला आळस कसं म्हणणार?

स्टारकरांचे कट्टर विरोधक * वर बंदीच घालायला निघतात. उठता बसता 'फाइंड' आणि 'प्रिंट झिरो'चा जप करतात. तेही टोकच. अवतरणचिन्हं आणि './' सांभाळलं तर *, 'एलएस'चं आउटपुट चिरत बसण्यापेक्षा केव्हाही भरवशाचा. अडचण येते ती लाखो फायलींच्या फोल्डरमध्ये, जिथे यादीच इतकी लांबते की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून काम अडतं. तिथे 'फाइंड' हवाच. स्टारकर तिथेही * सोडत नाहीत. ते 'आरएम ए*' देतात, मग 'बी*', मग 'सी*', आणि चहा गार होईपर्यंत 'झेड*'ला पोचून सगळं साफ झाल्याचं मेलवर कळवतात. अंकांनी, देवनागरीनं आणि टिंबानं सुरू होणाऱ्या फायली अजून तिथेच असतात.