बातम्यांतली बाई आणि फुलवाली मंजुळा

"काकू, काल रात्री 'जाने भी दो यारो' लागला होता. बघितलात का?"

काकू पलीकडून आकडीने शेवग्याच्या शेंगा काढत होत्या. अर्धं झाड त्यांच्याकडे झुकलंय, त्यामुळे शेंगाही निम्म्या त्यांच्या, असा आमचा जुना करार आहे.

"पाठ आहे मला तो. का गं?"

"त्यात 'खबरदार'ची संपादक आहे ना, ती शोभा. त्या दोघा बिचाऱ्या फोटोग्राफरांना कामाला लावते आणि शेवटी त्यांनी काढलेल्या फोटोंच्या जोरावर बिल्डरकडूनच पैसे उकळायला बघते. काय गोड बोलते हो! कोण ती?"

काकूंनी आकडी भिंतीला टेकवली. म्हटलं, आता आपली भाजी लांबणार.

"कोण म्हणून काय विचारतेस? भक्ती बर्वे! जन्म आपल्या सांगलीचा, १९४८चा. नाट्यपंढरीत राहतेस आणि हे माहीत नाही? पुढे सगळं आयुष्य मुंबईत गेलं म्हणा. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमध्ये बालनाट्यं करत करत वर आली. मग आकाशवाणीवर निवेदन केलं, आणि ७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर तिथे बातम्या."

"बातम्या? स्मिता पाटील द्यायची ना बातम्या?"

"तीही द्यायची, हीही द्यायची. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. ही दिसली की आमचे सासरे पोरांना गप्प बसवायचे. काय ती वाणी! उगाच आवाज चढवणं नाही, पाडणं नाही. श आणि ष वेगळे, न आणि ण वेगळे. आता बातम्या ऐकते तर वाटतं, या पोरीच्या घरात कुणी वारलंय की काय, एवढी ओरडते."

"आणि नाटकात?"

"तीच तर गंमत आहे. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिलं, ७५ साली रंगमंचावर आलं. फुलं विकणारी मंजुळा, 'पानी' म्हणणारी, 'आनी' म्हणणारी. आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्रोफेसर, तो सतीश दुभाषी. आता मला सांग, रोज ज्या बाईच्या तोंडून अख्खा महाराष्ट्र प्रमाण मराठी ऐकतोय, तिनेच जाऊन मंजुळा व्हायचं! दादरला नणंदेकडे गेले होते तेव्हा पाहिलं मी. पहिली दोन मिनिटं कान शोधत होते ती बातम्यांतली बाई. सापडलीच नाही."

मला ते थोडं खटकलं. म्हटलं, "पण काकू, अशा बोलण्याला हसायचं म्हणजे जरा… आमच्या आजोळी सगळे असंच बोलतात. 'पानी' म्हटलं की लोक खिदळणार आणि वर आपण टाळ्या वाजवायच्या?"

"खिदळतात ना. तेव्हाही खिदळले. मी नाही कशाला म्हणू? पण तिने कधी प्रेक्षकांकडे डोळा मिचकावून 'बघा, मी कशी गावंढळ बोलते' असं केलं नाही. काही जणी करतात तसं. तिच्या मंजुळेला आपल्या बोलण्याची लाज नव्हती. आणि दुसरं सांगू? शिकून सवरून मंजुळा शुद्ध बोलायला लागते ना, तेव्हा भक्ती बातम्यांसारखं बोलायची नाही. तोलून मापून, एकेक शब्द जपून. नव्या कोऱ्या चपला घातल्यावर माणूस चालतं तशी. सराईत शुद्ध बोलणारीने नवशिकं शुद्ध बोलायचं, हे मला जास्त अवघड वाटतं."

"ते मास्तरला धडा शिकवायचं स्वगत तिचंच ना?"

"तिचंच. मोबाइलवर आहे, बघ. आवाज बंद करून बघ एकदा. चेहरा, मान, हात, सगळं बोलतंय. मास्तरवर चिडते, त्याची फजिती मनात रंगवून खूश होते, आणि मध्येच गळा भरून येतो. त्यात कुठे सांधा दिसत नाही. नंतर प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी, कितीजणी मंजुळा झाल्या. चांगल्या केल्या. पण प्रत्येकीची तुलना कुणाशी, ते सांगायला नको."

"म्हणजे एकाच भूमिकेवर आयुष्य गेलं म्हणा."

"कुणी सांगितलं? 'हँड्स अप' घे, 'आई रिटायर होतेय' घे. 'गांधी विरुद्ध गांधी'त कस्तुरबा. दूरदर्शनवर बहिणाबाई केली, ती खानदेशी ढंगाची. बघ ना, एकाच गळ्यातून किती गावांच्या बायका बोलल्या! १९९०चं संगीत नाटक अकादमीचं पारितोषिक काय फुकट मिळतं? सिनेमाने मात्र तिला फार वापरलं नाही. तुझ्या त्या संपादक बाईसारख्या भूमिका अजून दहा मिळायला हव्या होत्या. हिंदीवाल्यांचं नुकसान, दुसरं काय."

मग काकू जरा जवळ आल्या. हे लक्षण मला ठाऊक आहे, आता घरगुती माहिती येणार.

"नवरा कोण, माहितेय? शफी इनामदार. 'ये जो है जिंदगी'तला."

"अय्या! तो?"

"तोच. तोही मूळचा नाटकवाला. ९६च्या वर्ल्ड कपची भारत-श्रीलंका सेमीफायनल होती ना, कोलकात्याची, लोकांनी बाटल्या फेकल्या ती. त्याच दिवशी गेला तो, हार्ट अटॅकने. पन्नाशीच होती. आणि ही २००१च्या फेब्रुवारीत. वाईहून मुंबईला परतत होती, एक्स्प्रेसवे नवा नवा होता, भाताणच्या बोगद्याजवळ गाडीला अपघात झाला. बावन्न वर्षांची. आदल्याच जूनमध्ये पुलं गेले होते."

काकूंनी पदराने मान पुसली, आणि कुंपणावरून शेंगांची जुडी माझ्या हातात दिली.

"आमच्या चिमीने शाळेतल्या एकपात्री स्पर्धेला तेच स्वगत घेतलंय," मी म्हटलं.

"सगळ्याच घेतात. परीक्षक कंटाळले असतील."

"तुम्ही बसवून द्याल का तिचं?"

"देईन की. पण आठवडाभर स्वगताला हात लावायचा नाही म्हणावं. रोज संध्याकाळी यायचं आणि मला पेपर वाचून दाखवायचा. अग्रलेखासकट."