कतका चलाहू?

सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा घरात वाद झालाच तर रंगावरून होईल, असा माझा अंदाज होता. झाला तो नागपूरवरून.

वरवर पाहता प्रश्न साधा होता. पेट्रोल घ्यायची की डिझेल? बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. स्कूटर स्टँडवर चढवताना गुडघा कुरकुरू लागला होता, आणि पावसाळ्यात भिजत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला पोचलं की शेजारचे लोक दोन खुर्च्या सोडून बसत. लहानशी, वापरलेली, तीन लाखांच्या आतली गाडी आपल्याला पुरे, यावर माझं आणि सौ.चं एकमत झालं. एवढ्या पटकन एकमत झालं म्हणजे पुढं काहीतरी बिनसणार, हे ओघानंच आलं.

मी डिझेलच्या बाजूचा. कुणी कारण विचारलं की मी अ‍ॅव्हरेज सांगायचो. फियाटच्या त्या 1248 सीसीच्या इंजिनाचे गोडवे गायचो. तेच इंजिन स्विफ्टमध्ये, तेच इंडिका व्हिस्टामध्ये, तेच पुंटोमध्ये. लोक गमतीनं त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत. इटलीत जन्मलं, पण आपल्या रांजणगावातही घडलं, हे मी आवर्जून सांगायचो. जणू इंजिनावर महागणपतीचा हात फिरलेला असतो.

खरं कारण वेगळं होतं. रायपूरच्या मराठी माणसाच्या मनात एक रस्ता कायम उघडा असतो. तो टाटीबंध चौकातून निघतो, दुर्ग-राजनांदगाव मागं टाकतो, बाघनदीपाशी महाराष्ट्रात शिरतो आणि देवरी, साकोली, भंडारा करत तीनेकशे किलोमीटरवर नागपुरात पोचतो. त्या रस्त्यानं आम्ही वर्षातून किती वेळा जातो, हा भाग वेगळा. मनानं रोज जातो. आणि मनातल्या त्या गाडीच्या बॉनेटखाली कायम डिझेल इंजिनच धडधडत असतं.

त्यात नागपूरच्या मेहुण्याचा फोन आला.

"काय विचार करून राहिले भाऊजी? डिझेलच घ्या. अन् इकडूनच घ्या. एमएच पासिंगची झकास गाडी पाहून देतो तुम्हाला."

एमएच पासिंग! तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत, घरासमोर, एमएच-31! मला तर तोरण बांधल्यासारखं वाटलं. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला कागद वाचल्याशिवाय आनंदही होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 47 सांगतं की, दुसऱ्या राज्यातून आणलेली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर तिला इथला नंबर घ्यावा लागतो. आधी तिकडची एनओसी, मग इकडचा रोड टॅक्स, आणि शेवटी पाटी सीजी-04. म्हणजे एमएच मिरवायला मिळणार जेमतेम वर्षभर.

मला हसू आलं. आमच्या घराण्याचं दुसरं काय झालं? बिंबाजी भोसले 1758मध्ये रतनपुरात कारभार पाहू लागले; त्या सुमाराला कधीतरी आमचे पूर्वज नागपूरकडून घोड्यावर बसून इकडं आले, असं घरात सांगतात. पुढं नागपूर हीच राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आम्ही सुखात होतो. 1956च्या 1 नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2000च्या 1 नोव्हेंबरला मध्य प्रदेशही गेला आणि आम्ही छत्तीसगढचे झालो. घर तेच, ओसरी तीच, दारातला कडुनिंब तोच. एक इंचही न हलता आमचं दोनदा पासिंग बदललं. एनओसी कुणी मागितली नाही, एवढंच.

"मग डिझेल तरी घेऊ," मी सौ.ला म्हणालो.

"आधी मेकॅनिकला दाखवा," ती म्हणाली.

आमचा मेकॅनिक फाफाडीहच्या मागच्या गल्लीत बसतो. वय माझ्या मुलाएवढं, शहाणपण माझ्या वडिलांएवढं. त्याला घेऊन मी रिंग रोडवरच्या गाड्यांच्या बाजारात गेलो. लहानपणी आजोबांबरोबर बैलबाजार पाहिला होता. इथं बैल तेवढे नव्हते, बाकी सगळं तेच. बैलाचे दात पाहत. दोनदाती, चारदाती, जुळलेला. इथं मीटर पाहतात. घोड्याचे दात कानशीनं घासून त्याचं वय चोरणारे व्यापारी तेव्हाही होते, मीटर मागं फिरवणारे आत्ताही आहेत. तिकडं उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा, इथं कॅल्क्युलेटर टेबलाखाली धरून. आणि प्रत्येक गाडी एकाच डॉक्टरनं वापरलेली. एवढे डॉक्टर रायपुरात असते, तर माझा गुडघा केव्हाच बरा झाला असता.

एका 2014च्या डिझेल गाडीपाशी माझा पाय अडखळला. चांदीसारखा रंग, टायर नवे, सीटवर अजून प्लास्टिक. विक्रेत्यानं किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या क्षणात सुरू झाली. माझं मन तेवढ्यात राजनांदगावपर्यंत जाऊन आलं. मेकॅनिक मात्र बोलला नाही. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, जसा आई मुलाच्या कपाळावर ठेवते.

"पहिली च ले गरम हे," तो माझ्या कानाशी पुटपुटला. आम्ही यायच्या आधी गाडी तापवून ठेवली होती. जुन्या इंजिनाची खोड थंडीत कळते. सकाळी गार असताना पहिल्या झटक्यात उठतं की खोकतं, धूर पांढरा की निळा की काळा. पाहुणे यायच्या आधी ज्या घरात सगळे हसत बसवलेले असतात, तिथं सोयरीक जपून करावी. मग त्यानं चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडलं. आतून धूर फसफसून वर आला. "बॅक कॉम्प्रेशन," त्यानं निदान केलं. रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला जाळ खाली निसटतो आणि तेलाच्या वाटेनं बाहेर येतो.

मी खट्टू झालो. तेव्हा त्यानं चहा मागवला आणि मला शिकवणी दिली. दोन्ही इंजिनं इंधनच जाळतात, पण पेट घेण्याची तऱ्हा निराळी. पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोल दहाएक पट दाबतं, मग प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. तिथं नुसती हवा सोळा-सतरा पट दाबायची. ती दाबानंच इतकी तापते, की वरून डिझेलचा फवारा आला की आपोआप भडका उडतो. म्हणून डिझेलचं इंजिन जाड, जड आणि महाग. ताकदीचं, पण नोजल आणि पंपाचं काम निघालं की खिसा रिकामा करणारं.

मला एकदम कळलं, मी डिझेलकडं का ओढला जात होतो. बत्तीस वर्षं बँकेत मी दुसरं काय केलं? ठिणगी वगैरे आमच्याकडं नव्हती. मार्च महिना आला की वरून दाब पडायचा, आणि दाब पडला की आम्ही पेटायचो. काम मात्र रेटून न्यायचो. सौ.चं नेमकं उलट. ती पेट्रोल. एखादी ठिणगी पडली की सुरू.

"पर ये बतावव," कपातला शेवटचा घोट घेऊन मेकॅनिकनं विचारलं, "तुमन कतका चलाहू?"

तुम्ही चालवणार किती? प्रश्न तीन शब्दांचा, पण मला उत्तर येईना. "नागपूर वगैरे..." एवढंच मी म्हणालो. तो वगैरेवर हसला.

रात्री घरी हिशोबाला बसलो. स्कूटरचं मीटर काही मागं फिरवलेलं नव्हतं. नऊ वर्षांत सव्वीस हजार किलोमीटर. म्हणजे वर्षाला तीन हजारही नाहीत. कुठं कुठं गेलो ते आठवू लागलो. गोल बाजार, सप्रे शाळेजवळचा मित्र, संध्याकाळी कधी बूढा तलाव, पाहुणे आले तर तेलीबांधा, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ, आणि स्टेशन.

"स्टेशनला नागपूरच्याच गाडीसाठी जात होतो," मी बाजू सावरली.

"तेच म्हणते मी," सौ. म्हणाली. "नागपूरला आपण रेल्वेनं जातो. 2022च्या डिसेंबरात वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून तर तुम्ही दुसऱ्या कशाचं नावच काढत नाही. डोंगरगढ आलं की चहा, गोंदिया आलं की झोप."

मी कागद ओढला. पेट्रोल शंभराच्या घरात, डिझेल सहा-सात रुपयांनी खाली. शहरात पेट्रोल गाडी लिटरला 16 देईल, डिझेल 20. किलोमीटरमागं वाचणार साधारण एक रुपया साठ पैसे. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक 70 हजार. तो भरून निघायला 43,750 किलोमीटर चालवायला हवी. वर्षाला तीन हजारांनी भागलं. साडेचौदा वर्षं. गाडी 2014ची, नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2029मध्ये फेरनोंदणी. मी तेव्हा सहासष्टचा असेन, आणि फायद्यात येईन तेव्हा शहात्तरचा. शिवाय डिझेलला लांबचा रस्ता लागतो. बाजारातून मेथी आणायला निघालं, की इंजिन नीट तापायच्या आत घर येतं आणि आत काजळी धरते.

"नवतप्यात तापेल की," मी शेवटचा प्रयत्न केला. मे अखेरीच्या त्या नऊ दिवसांत रायपुरात कुलूपही उघडवत नाही.

सौ.नं उत्तर दिलं नाही. तिनं खिडकीतून परसातल्या कुंपणाकडं पाहिलं. ते रतनजोतीचं आहे, आपल्याकडचा मोगली एरंड. 2005च्या सुमारास सरकारनं इथं जैवइंधनाचं मोठं अभियान काढलं होतं. डिझेल आखातातून नाही, परसातून येईल अशी घोषणा होती. मी उत्साहानं रोपं आणली. तेल निघालं नाही, पण पानं विषारी असल्यामुळं शेळ्या तोंड लावत नाहीत. कुंपण तेवढं उत्तम झालं. माझ्या डिझेलप्रेमाचा हा जुना पुरावा रोज डोळ्यांसमोर असतो.

सीएनजीचा विचार पाच मिनिटं केला. नळकांड्यानं डिकी व्यापली, तर हळदीकुंकवाची सतरंजी कुठं ठेवायची, या प्रश्नावर तो संपला. बॅटरीवरच्या जुन्या गाडीचा विचार त्याहून लवकर संपला. वापरलेली बॅटरी किती उरली आहे, हे बॉनेटवर हात ठेवून आमच्या मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

शेवटी पेट्रोल वॅगनआर घेतली. 2014चीच, सीजी-04. सकाळी सहाला, गार असताना, न सांगता जाऊन पाहिली. उठताना ती एकदाच कण्हली. माझ्यासारखीच.

नावावर करायच्या फॉर्ममध्ये पत्त्याचा रकाना होता. वडील हयातभर कुठल्याही फॉर्मवर रायपूरचा पत्ता "सध्याचा" म्हणूनच लिहायचे. कायमच्या रकान्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याचा उल्लेख असायचा. तो वाडा मी पाहिला नाही, त्यांनी तरी पाहिला होता की नाही कोण जाणे. मी तात्यापारा लिहिलं आणि सही केली. डिझेल नाकारण्यापेक्षा ती सही मला जड गेली, आणि केल्यावर हलकंही वाटलं. घोड्यावरून आलेली माणसं डिझेल होती. त्यांना अंतर कापायचं होतं. आमचं येणं केव्हाच संपलंय. आम्ही इथल्या इथं फिरणारी माणसं.

पंपावर टाकी भरताना मेकॅनिकनं सांगितलं ते आठवलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 2014ची गाडी त्यासाठी घडवलेली नाही. अ‍ॅव्हरेज थोडं घसरेल, रबरी नळ्यांवर लक्ष ठेवा. हे इथेनॉल उसापासून होतं, मक्यापासून होतं, आणि तांदूळ आंबवूनही होतं. आंबवलेला तांदूळ! म्हणजे बासीच की. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी कांदा, मिरची, दह्याबरोबर खायचा, हे छत्तीसगढचं खरं इंधन. 2022पासून 1 मेला पुढारीही कौतुकानं बोरे-बासी खाऊ लागले. आमची पणजी भाकरीशिवाय जेवत नसे. मी उन्हाळाभर बासीवर असतो.

घरी येऊन हे सगळं सौ.ला सांगितलं. पाटी इथली, खाणं इथलं, फिरणं इथलं. गाडी आपल्या वळणावर गेली आहे म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून ती उरलेल्या भातात पाणी घालत होती.

"अहो," तिनं आतून विचारलं, "दोघांचीच ठेवू बासी, की तिघांची?"